बांगड्या वर, पाठ ताठ

५ जाने., सोम. जळगाव

नाना हो म्हणाले. तोंड वाकडं करून, पण म्हणाले. चटईच्या यंत्रांचे भाग आणि पाइपाच्या जोडण्या यांचे साचे करणारा आमचा कारखाना. त्यात कीबोर्डचा साचा म्हणजे नानांसारख्या मालकाच्या पोटात दुखणारच. "शाहीन, हे खेळणं घेणार कोण?" सांगितलं, धुळ्याचं टायपिंग केंद्र. जुन्या दप्तरातली पानं तिथे बेचाळीस बायका दिवसभर कॉम्प्युटरवर उतरवतात. तिथले व्यवस्थापक बडगुजर साहेब (पुढे नुसतं ब.सा., एवढं नाव रोज कोण लिहिणार) सहा नग महिनाभर वापरून बघायला तयार आहेत. चांगले निघाले तर बेचाळीस जणींना घेणार. नाही तर सहाही परत.

१३ फेब्रु.ला मोठं यंत्र रिकामं आहे. त्या दिवशी ड्रॉइंग पक्कं हातात हवं, नाही तर यंत्र चटईवाल्यांना जाईल.

नानांना अक्कांचं सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे हे सगळं कशासाठी चाललंय ते मीच विसरणार नाही. मंगलअक्कांच्या उजव्या हाताची तीन बोटं दिवाळीपासून बधिर होतात. मनगटात नस दबतेय, असं डॉक्टर म्हणाले. केंद्रात रोज ऐंशी पानं भरायला लागतात, त्यांची साठावर अडकतात. ब.सा.नी फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिलीय, मग यादीतून नाव कमी. मुलगी नाशिकला, तिचा संसार तिला पुरतोय. पन्नाशी उलटलेल्या अक्कांना टायपिंगशिवाय दुसरं काही येत नाही, आणि टायपिंग त्यांच्याइतकं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. परवा त्यांच्या हातून चहाचा कप पडला. मला म्हणाल्या, कपाचा कान ओला होता.

७ जाने., बुध.

शिफ्टची कळ करंगळीवरून काढून अंगठ्याखाली आणली. टाइपरायटरवर शिकलेल्या बायकांना निम्मी अक्षरं शिफ्ट दाबल्याशिवाय काढता येत नाहीत, दिवसभर करंगळी ताणून ताणून मरते. अंगठा मोकळा, धडधाकट, बसलाय नुसता स्पेसबार बडवत. त्याला कामाला लावला.

कीबोर्ड मधोमध दुभागला, म्हणजे दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून बसायला नको. पुढे मनगटाला उशी. सगळा खेळ त्या उशीवर आहे. उंच झाली तर हात वाकतो, खाली गेली तर लोंबतो. दोन मिमीचा फरकसुद्धा संध्याकाळपर्यंत खांद्यात चढतो.

शनिवारी धुळ्याला जाऊन मापं घ्यायची. व्हर्नियर, दोरा, वही.

१० जाने., शनि. धुळे

बारा जणींची मापं झाली. आधी सगळ्या अवघडून बसल्या होत्या. हात द्यायलाच तयार नाहीत, डॉक्टरकडे आल्यासारख्या. मग मी म्हटलं, "चला, अक्कांच्या क्लासमध्ये बसायचो तसं बसा. बांगड्या वर, पाठ ताठ." हशा झाला. त्यांतल्या निम्म्या जणी अक्कांच्याच हाताखाली शिकलेल्या. मीसुद्धा.

अब्बांच्या टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानावर माडी होती, तिथे अक्कांचा क्लास. बारा यंत्रं, आणि फूटपट्टी घेऊन अक्का मधून फिरायच्या. पहिलं वाक्य हेच. काच किणकिणली की ठेका चुकतो म्हणून कुमारिका बांगड्या काढून ठेवायच्या आणि लग्न झालेल्या वर कोपराकडे सरकवून रुमाल बांधायच्या. अक्का स्वतःही बांधायच्या. हिरव्या बांगड्यांवर पांढरा रुमाल, अजून डोळ्यांपुढे आहे.

आज सगळ्यांनी तसंच केलं. रुमाल निघाले, ओढण्या निघाल्या, बांगड्या वर. पाठी ताठ. मापं इतकी स्वच्छ आली की मलाच कौतुक वाटलं माझं. अक्कांना वर सरकवायला काही नव्हतं. नवरा गेल्याला अकरा वर्षं, तेव्हापासून हातात काच नाही. घड्याळ काढून ठेवलं, झालं.

१४ जाने., बुध. जळगाव

फुफीला, अब्बांच्या बहिणीला, फोन केला, दोन मिनिटंही बोलली नाही. संक्रांत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही म्हणे, सगळं धुळं बांगड्या भरायला आलंय. आमच्या मनियारांच्या घरात दोनच धंदे: अब्बांचे टाइपरायटर आणि फुफीच्या बांगड्या. टाइपरायटर संपले. बांगड्या काही संपत नाहीत.

सहा नगांची उशी आज थ्री-डी प्रिंटरवर छापून झाली. हात ठेवून बघितला. मखमल.

२० जाने., मंगळ. धुळे

सहा जणींपुढे सहा नग मांडले. अक्का, वैशाली आणि आणखी चौघी. वैशालीला मुद्दाम घेतलं, नव्वद पानं टाकणारी एकटी तीच. तिने नाही म्हटलं तर खोट माझ्या कामात आहे, असं मी समजेन.

अक्कांनी अर्धा तास खाली मान घालून टाइप केलं. मग थांबल्या, उजवा हात वर घेतला, बोटं उघडली, मिटली, उघडली. माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा कामाला लागल्या. मला तेवढं पुरलं.

बाकीच्या काही बोलल्या नाहीत. नवं आहे, बसेल हात.

२३ जाने., शुक्र. जळगाव

अक्कांचा फोन. अठ्ठ्याहत्तर पानं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. आवाज नेहमीचाच, कोरडा, पण फोन स्वतःहून केला यातच सगळं आलं. बाकीच्यांचं कसं चाललंय विचारलं. "हुई जाई हयूहयू," म्हणाल्या. होईल हळूहळू.

ऑफिसात जिलबी वाटली. कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

२४ जाने., शनि.

जिलबी महागात पडली. ब.सा.चा निरोप: अक्का सोडून पाचही जणींची पानं कमी. वैशाली नव्वदवरून बावन्नवर. "हाताखाली टोचतं म्हणतात. बघून घ्या, मॅडम."

टोचतं? गुळगुळीत प्लास्टिक टोचेल कसं. कळांखालच्या स्प्रिंगा कडक असतील, जोर लागत असेल, हात दाबला जात असेल. संध्याकाळच्या एसटीने सहाही नग मागवून घेतले, उद्या स्प्रिंगा बदलायच्या.

२५ जाने., रवि.

दिवसभर स्प्रिंगा. सगळ्या हलक्या केल्या. सहा नगांच्या कळा, एकेक उपटून. उद्या सुट्टी, परवा सकाळच्या एसटीने कारखान्याच्या पोराबरोबर पाठवते.

आता तरी कोणी तक्रार केली तर मी बघते.

२७ जाने., मंगळ.

दुपारी ब.सा.चा फोन. वैशालीने काम थांबवलंय. कीबोर्डला हात लावत नाही, दुसऱ्या कोणाला लावू देत नाही. का, ते नीट सांगेनात. "तुम्हीच या. बायकांचा मामला आहे."

बायकांचा मामला. कीबोर्डचा कसला आलाय बायकांचा मामला.

२८ जाने., बुध. धुळे

जे घडलं ते सरळ लिहिते, नाही तर मी मलाच सांभाळून घेईन.

वैशालीच्या उशीवर काचेचे दोन हिरवे तुकडे तसेच ठेवलेले. तिच्या उजव्या मनगटावर कापल्याची रेघ. काल अकराच्या सुमारास टाइप करता करता बांगडी वाढली. (फुटली म्हणायचं नसतं.) तिचा नवरा रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. तीन वेळा लावला, उचलला नाही. मग ती खुर्चीवरून उठली ती उठलीच. त्याचा फोन लागला संध्याकाळी चारला. कुठल्याशा ढाब्यावर चार्जिंगला लावून झोपला होता. तोपर्यंत या बाईचं काय झालं असेल.

मी म्हटलं, बसून दाखव, कशी बसतेस. बसली. क्लासमधल्यासारखी नाही, कामावर बसते तशी. डावीकडे दप्तराचं पान, मान त्या बाजूला, हात सैल. आणि संक्रांतीला भरलेल्या नव्या बांगड्या, एकेका हातात डझन, मनगटावर उतरलेल्या. हात उशीवर टेकला की काच खाली, हाड वर आणि मध्ये चामडी. टोचतं म्हणजे हे. पहिल्या दिवसापासून पाचही जणी बोटभर हात उचलून टाइप करत होत्या आणि मी स्प्रिंगा बदलत बसले होते.

रुमाल बांधून मापं घेतली मी. आठ तास रुमाल बांधून कोण बसतं?

"हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. जरा चढ्या आवाजात, कबूल करते. वैशालीने पदर खोचला. "कोणले सांगतू? तो अक्कासले बरोबर बसस. आम्हना हात भरेल शेतस, ताई. मोकया हातसकरता बनाडेल शे तो."

पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, विधवेचा कीबोर्ड. नाव आधीच पडलं होतं, ते कळलं. हसलं कोणीच नाही, ते एक बरं.

अक्का तिसऱ्या खुर्चीवर. त्यांच्या कळांचा आवाज थांबला नाही, एक क्षणही नाही. ऐकलं नसेल असं मला वाटून घ्यायचं होतं.

२९ जाने., गुरु. धुळे

रजा वाढवली. नानांनी फोनवर १३ तारखेची आठवण करून दिली.

सकाळी केंद्रात फळ्यावर सूचना: "कामाच्या वेळेत बांगड्या वर बांधाव्यात." ब.सा.ना वाटलं प्रश्न सुटला. अर्ध्या तासात बायका त्यांच्या टेबलाभोवती. एकीने बाही वर करून कोपराखालचे वळ दाखवले, अर्ध्या तासाचे. ब.सा.नी सूचना स्वतःच्या हाताने पुसली, मग माझ्यावर घसरले. मी म्हटलं, चूक माझी आहे, माप चुकीचं घेतलं. 

मग शांतपणे सांगितलं त्यांनी. सगळ्यांना एकच कीबोर्ड. एकीला वेगळा दिला की उद्या बेचाळीस जणी वेगळा मागतील. सगळ्यांना बसेल असा आणा, नाही तर सहाही उचला.

"अक्कांचासुद्धा?"

"सहा म्हणजे सहा, मॅडम."

मी अक्कांची पानं दाखवली. अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, ऐंशी. ते म्हणाले, बाईंबद्दल मला आदर आहे. आदर. तो घेऊन काय करायचं?

३१ जाने., शनि. धुळे, घरी

अब्बांना सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले, मग हसायलाच लागले. "मनियार की बेटी, और चूड़ी भूल गई." दहा मिनिटं तेच. फुफीला हाक मारून पुन्हा सांगितलं, म्हणजे दोघं मिळून हसले. मी चिडले. मग मलाही आलं.

विसरायला झालं कसं ते मात्र कळतंय. माझ्या हातात कधी काही नसतं. कारखान्यात यंत्राजवळ बांगडी चालत नाही, बारा वर्षं झाली. आणि लहानपणापासून टाइपरायटरपुढे बसलेले जे हात पाहिले ते सगळे रुमाल बांधलेले. अक्कांनीच बांधायला लावलेले. त्यांचीच शिस्त त्यांच्या मुळावर आली, हे त्यांना मी सांगणार नाही.

फुफी मग कामाला लागली. तिच्याकडे व्हर्नियर नाही. बाईचा हात हातात घेते, अंगठ्याचं हाड एकदा दाबते आणि माप सांगते, कधी चुकत नाही. केंद्रातल्या निम्म्या जणी तिच्याच गिऱ्हाईक. कोणाला कुठलं माप बसतं, कोणाची बांगडी घट्ट, कोणाची पार तळहातापर्यंत घसरते, सगळं तोंडपाठ. मी लिहीत गेले. बारा जणींची खरी मापं आमच्या घरात जेवायला बसत होती आणि मी ती व्हर्नियरने शोधत होते.

अब्बांनी माळ्यावरून नमदा काढला. टाइपरायटरखाली घालायचा जाड दाबलेला लोकरीचा तुकडा, आवाज आणि हादरा खाणारा. "ये लगा के देख." बोट दाबलं तर आत जातं, सोडलं की वर येतं.

३ फेब्रु., मंगळ. जळगाव

जमलं. बहुतेक जमलं.

उशी पुढे फक्त तळहाताच्या टाचेपुरती. तिच्यामागे आडवी खाच, खाचेत नमदा. बांगड्या नमद्यात रुततात, काचेवर जोर येत नाही, आवाजही नाही. हात त्यांच्यावर अलगद राहतो. फुफीच्या बांगड्या घालून दोन तास टाइप केलं. कुठे काही लागलं नाही.

अडचण एकच. बांगड्या काढल्या की मनगट त्या खाचेवर अधांतरी लोंबतं. म्हणजे अक्कांचं.

५ फेब्रु., गुरु.

त्याचंही उत्तर सापडलं, आणि इतकं सोपं की आंघोळ करताना हसू आलं. नमदा दोन प्रकारचा करायचा. एक खोलगट, बांगड्यांसाठी. एक भरीव, सपाट, मोकळ्या हातासाठी. खाच तीच, साचा तोच, कीबोर्ड एकच. ब.सा.ची अट मोडत नाही. सगळ्यांना खोलगट लावून द्यायचा, अक्कांना भरीव.

नानांना दाखवलं. उलटसुलट करून बघितलं, म्हणाले, "बरं आहे." नानांच्या तोंडून बरं आहे म्हणजे काय ते इथल्या पोरांना विचारावं. वर बजावलं: खाचेचं माप एकदा पोलादात उतरलं की उतरलं. लोखंड कापता येतं, परत भरता येत नाही. भरायचं तर वेल्डिंग, आणि त्याचा डाग प्रत्येक नगावर उमटणार. शुक्रवारी बारापर्यंत शेवटचा आकडा सांग.

८ फेब्रु., रवि. धुळे

अक्कांकडे गेले होते. भरीव नमदा अब्बांनी कापून दिलेला, कडा शिवलेल्या. त्यांच्या पाटावर कीबोर्ड ठेवला, आधी खोलगट लावून दाखवला, मग तो काढून भरीव बसवला. कारखान्यात माल दाखवतात तसं, फुशारकीत.

अक्कांनी दोन्ही नमदे हातात घेतले. शिवलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, पसंत पडलं.

मग म्हणाल्या, बेचाळीस टेबलं ओळीने मांडलेली आहेत. येणारा-जाणारा बघणार. एक्केचाळिसांचा एक प्रकार आणि एकाचा दुसरा. बाई बघायची पण गरज नाही, टेबल बघितलं की कळेल.

मी म्हटलं, अक्का, असा कोण विचार करतं.

"तू नही करस. बाकी बठ्ठा करतस." नमदा माझ्या हातात परत दिला. "मन्हाकरता येगळं काही नको, शाहीन. अकरा वरीस मी येगळीच शे. आते टेबल भी येगळं?"

त्या दिवशी ऐकलं होतं तर त्यांनी. विधवेचा कीबोर्ड. तो शब्द कोणीतरी नुसता बोललं होतं, हवेत गेला असता. मी त्याला लोकर लावून, कडा शिवून, पक्का करून त्यांच्यापुढे आणून ठेवला.

चहा न घेता उठले. 

१० फेब्रु., मंगळ. जळगाव

राग येतोय. अक्कांचाच. नोकरी जायची वेळ आली, बोटं मरायला टेकली आणि यांना टेबल कसं दिसतं त्याचं पडलंय. एक लोकरीचा तुकडा. कोण बघतं खाली वाकून.

(संध्याकाळी. वरचं खोडावंसं वाटलं, खोडत नाही. कोण बघतं? सगळे बघतात. कारखान्यात पहिल्या वर्षी बायकांसाठी म्हणून मला वेगळा पेला ठेवला होता. चांगल्या मनाने ठेवला होता. मी कधी त्या पेल्याने पाणी प्यायले नाही, घरून बाटली नेली. ते कसं विसरले मी?)

११ फेब्रु., बुध.

वैशालीचा फोन आला, आपणहून. खाचेची नवी उशी आणि खोलगट नमदा सोमवारपासून पाचही जणींना लावलाय. तिची काल सत्त्याऐंशी पानं झाली. हाताला काही नाही. नवरा घरी आलाय, दिल्लीहून मफलर आणला. हे सगळं सांगून झालं. मग: "ताई, अक्का जुना कीबोर्डवर काब्र बसन्यात?"

मला माहीत नव्हतं. नवा कीबोर्ड कपड्यात गुंडाळून ब.सा.च्या टेबलावर ठेवून दिला म्हणे, आणि परत जुन्यावर. काल अठ्ठावन्न.

वैशालीला कारण सांगावं की नाही. सांगितलं.  मग म्हणाली, तो शब्द तिने नव्हता काढला. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, पण पहिलं ती बोलली, मोकळ्या हातांचं. रडत होती बहुतेक.

मी काही समजूत घातली नाही. मलाच कोणी घातली नाही.

१२ फेब्रु., गुरु. जळगाव

उद्या बाराला आकडा. मार्ग तीनच.

खोलगट खाच कापायची: एक्केचाळीस जणी सुखात, अक्का बाहेर.
खाच उथळ ठेवायची, मधला मार्ग. आज दिवसभर करून बघितलं. काचही टोचते आणि मनगटही लोंबतं. कोणाचंच भलं नाही.
काहीच करायचं नाही.

नानांना अखेर अक्कांचं सांगितलं. म्हणाले, एका बाईसाठी एवढा जीव काढतेस, नात्यातली आहे का? मी नाही म्हटलं. मग म्हटलं, हो. त्यांनी जास्त विचारलं नाही. सकाळी धुळ्याला जाऊन फोनवर आकडा सांग, मी ऑपरेटरला बसवून ठेवतो, म्हणाले. माणूस चांगला आहे, दाखवत नाही.

अक्कांना फोन केला. उचलला नाही. फुफीला केला, ती गडबडीत: "कल आ, फिर बोलेंगे." तिला कसली गडबड? आता तर संक्रांतही नाही.

१३ फेब्रु., शुक्र. धुळे, केंद्र

साडेदहा. वैशालीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर वही टेकवून लिहितेय, अक्षर माफ.

नऊला सगळ्या जागेवर होत्या. अक्कांची खुर्ची रिकामी. त्या कधी उशिरा येत नाहीत. ब.सा. दोनदा दारापर्यंत येऊन गेले.

सव्वानऊला जिन्यावर आवाज आला. काचेचा. आधी कोणी मान वर केली नाही, इथे एक्केचाळीस जणींचा किणकिणाट सारखा असतोच. मग अक्का दारातून आत आल्या.

दोन्ही हात भरलेले. हिरव्या काचेच्या, डझन-डझन. घड्याळ नव्हतं.

टायपिंग थांबलं. एक्केचाळीस टेबलांवरचं, एकदम.  अक्का त्यांच्या नेहमीच्या चालीने टेबलांमधून आल्या, क्लासमध्ये फिरायच्या तशा. मागच्या रांगेतल्या एकीने तोंडाला पदर लावला.  त्यांचे दीर शिंदखेड्याला आहेत, त्यांच्या कानावर आज संध्याकाळपर्यंत जाईल. अक्कांना हे माझ्याआधी माहीत असणार.

वैशाली उठली. ब.सा.च्या टेबलावरून कपड्यात गुंडाळलेला कीबोर्ड आणला, सोडला, अक्कांच्या जागेवर मांडला. स्वतःच्या कीबोर्डमधला खोलगट नमदा काढून त्यात बसवला. खुर्ची मागे ओढून धरली.  तिने तिथल्या तिथे वाकून पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

अक्का बसल्या. मला म्हणाल्या, "आते माप ले."

फुफीनेच भरल्यात, आठ वाजता, दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवून. माप तिला आठवत होतं म्हणे, अकरा वर्षांनीही. एकही वाढली नाही भरताना. मला काल फोनवर काही म्हणून बोलली नाही, लबाड.

मी व्हर्नियर काढला. आणि काय बोलले? सवयीने तोंडातून आलं, "अक्का, बांगड्या वर—"

"नही," त्या म्हणाल्या. "जठे शेतस तठे ऱ्हाऊ दे."

मला रडू आलं, तिथेच, सगळ्यांसमोर. आणि राग पण. माझ्या एका खाचेसाठी या बाईला हे करावं लागलं का? का त्यांना केव्हापासून करायचं होतं आणि खाच नुसतं निमित्त झालं? विचारलं नाही. एवढंच विचारलं, की मापापुरतं घालून चालणार नाही, रोज घालाव्या लागतील, घालाल का. अक्कांनी उजवी बोटं उघडली, मिटली.

"देखसूत." बघू, एवढंच.

दहाला टाइप करायला लागल्या. अर्धा तास झाला. आजूबाजूचं टायपिंग अजून पुरतं सुरू झालेलं नाही. ब.सा. दाराशी उभे आहेत. नानांचा फोन दोनदा वाजून गेला.

दुसरा कागद नाही, नानांना सांगायचा आकडा इथेच लिहिते.

मं. अ., उजवा हात: तळहाताची टाच ते पहिली बांगडी – १४ मिमी. बांगड्यांची रुंदी – ३६. खालची पोकळी – ९.

डावा हात: